एकोणसत्तर विजय आणि एक लाकडी कोंबडा

रविवार, १५ जानेवारी १९३९. टोकियोच्या र्योगोकु भागातील ‘कोकुगिकान’ या सुमो कुस्तीच्या घुमटाकार इमारतीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या वर्षांत तिथे कुस्ती पाहायची तर कडाक्याच्या थंडीत मध्यरात्रीपासून रांगेत उभे राहावे लागे. ज्यांना आत शिरता येत नसे, ते रेडिओभोवती कोंडाळे करून बसत. जपानी रेडिओने १९२८ पासून सुमोच्या कुस्त्यांचे धावते वर्णन सुरू केले होते, आणि दुपार कलली की शहरातल्या दुकानांतून तेच ऐकू येई.

मात्र त्या रविवारी जमलेल्या हजारोंपैकी फारच थोड्यांना कोण जिंकणार याची उत्सुकता असावी. ते जणू ठरलेलेच होते. फुताबायामा तीन वर्षे हरला नव्हता. त्याने ओळीने ६९ कुस्त्या मारल्या होत्या. लोक आले होते ते सत्तरावा विजय पाहायला. समोरचा मल्ल आकिनोउमी हा वयाने लहान, क्रमवारीत बराच खालचा, आणि फुताबायामाशी पहिल्यांदाच भिडणारा होता.

पुढे काय घडले ते सांगण्यापूर्वी या खेळाची थोडी ओळख करून घ्यायला हवी. सुमो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अगडबंब देहाची दोन माणसे एकमेकांवर आदळताना येतात. पण जपानमध्ये सुमोला जाणे हा एक सोहळा असतो. सामने सकाळीच सुरू होतात. आधी शिकाऊ पोरे, मग मधल्या फळीतले आणि दिवस उतरणीला लागला की नामांकित मल्ल. मित्रमंडळींनी किंवा कुटुंबाने जायचे, चौघांना मांडी घालून बसता येईल असा चौकोनी कप्पा घ्यायचा, आणि खात-पीत, गप्पा मारत दिवस काढायचा, ही जुनी रीत. या कप्प्याला ‘मासु’ म्हणतात. मासु म्हणजे तांदूळ मोजायचे लाकडी माप, आपल्या मापट्यासारखे. चार धडधाकट मित्र त्यात बसले की मापटे शिगोशीग भरते! सोबत डबे असतात, आणि काडीला टोचून भाजलेली कोंबडी तर हवीच. त्यामागे एक गमतीची समजूत आहे. कोंबडी दोनच पायांवर उभी असते, तिचे ‘हात’ कधी जमिनीला टेकत नाहीत, म्हणून ती मल्लांना शुभ!

कारण सुमोचा नियमच तसा आहे. आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती चीतपट होते. सुमोत पायाच्या तळव्याखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला, नुसती बोटे टेकली, तरी हार. रिंगणाबाहेर पाऊल पडले तरी हार. रिंगण असते चिकणमातीच्या उंच ओट्यावर, व्यास अवघा साडेचार मीटर. भोवती माती भरलेल्या पेंढ्याच्या वळकट्यांचे कडे. वजनी गट नाहीत. मल्ल मीठ उधळून जागा शुद्ध करतात, पाय उंच उचलून आपटतात, ओणवे होऊन एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, उठतात, पुन्हा मीठ उधळतात. ही तयारी काही मिनिटे चालते आणि कुस्ती पुष्कळदा काही सेकंदांत संपते. या मल्लांतला सर्वोच्च मान ‘योकोझुना’ हा. कमरेला पांढरा जाड दोर बांधण्याचा अधिकार फक्त त्याला. तो मिळाला की खालच्या पायरीवर उतरणे नाही. जमेनासे झाले की निवृत्त व्हायचे, एवढाच रस्ता उरतो.

फुताबायामा पस्तिसावा योकोझुना. त्याचे खरे नाव अकियोशी सादाजी. जन्म ९ फेब्रुवारी १९१२ चा, क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतातील उसा भागातला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. वडिलांचा जहाजवाहतुकीचा धंदा पुढे बुडाला आणि डोक्यावर कर्ज झाले. आई तो लहान असतानाच गेली. कोवळ्या वयात तो वडिलांबरोबर जहाजावर कामाला लागला आणि तिथे नांगर ओढण्याच्या यंत्रात सापडून उजव्या हाताची करंगळी कायमची अधू झाली.

पण त्याहून मोठा घाव आधीच बसला होता. पाच वर्षांचा असताना खेळता खेळता फुंकनळीतला बाण त्याच्या उजव्या डोळ्यात घुसला. त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलीच. हा मुलगा पुढे अशा खेळात उतरला, जिथे समोरून शंभर-सव्वाशे किलोचा देह झेपावतो आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या आत निर्णय घ्यावा लागतो. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, हे कोणीही एक डोळा झाकून सुईत दोरा ओवून पाहावे. फुताबायामाने मैदानात असेपर्यंत हे व्यंग जगापासून लपवून ठेवले. प्रतिस्पर्ध्यांना आपली उजवी बाजू उघडी आहे हे कळले असते तर काय झाले असते, हे त्याला पुरते ठाऊक होते.

गावाकडच्या या दांडग्या पोराची कीर्ती ओइताच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या कानी गेली. फुताकावा हे त्याचे आडनाव. त्याच्या ओळखीने मुलगा टोकियोच्या तात्सुनामी तालमीत दाखल झाला आणि मार्च १९२७ मध्ये, पंधराव्या वर्षी, पहिल्यांदा रिंगणात उतरला. ‘फुताबायामा’ या नावात त्या अधिकाऱ्याच्या आडनावातले अक्षर आहे. शिवाय ‘फुताबा’ म्हणजे बी रुजल्यावर फुटणारी पहिली दोन पाने. चंदन दोन पानांचे असते तेव्हापासूनच सुगंधी असते, अशी जपानीत म्हण आहे. आपण मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो, तसेच. चंदन जपानात उगवत नाही. तो सुगंध बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून तिकडे गेलेला.

गंमत अशी की या चंदनाचा सुगंध सुरुवातीला कोणाला फारसा आलाच नाही. पोरगा मेहनती होता, सरळ होता. पण बलदंड नव्हता. वरच्या वर्गात तो पोहोचला तोही एका बंडामुळे. जानेवारी १९३२ मध्ये मिळकत आणि कारभार यांत सुधारणा मागत अनेक नामवंत मल्ल संघटनेबाहेर पडले. रिकाम्या जागा भरण्यासाठी खालच्या वर्गातल्यांना वर घेण्यात आले, त्यांत वीस वर्षांचा फुताबायामा होता. मोठे मल्ल त्याला ढकलत काठापर्यंत नेत, आणि पडता पडता, अगदी शेवटच्या क्षणी, तो कमरेतून गर्रकन वळून त्यांनाच बाहेर फेकी. लोकांना मौज वाटे, जाणकार नाके मुरडत. काठावर जाऊन वाचणे हे काही थोर मल्लाचे लक्षण नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

पण काठावर पाय रोवता रोवता त्याची कंबर पोलादी झाली. हळूहळू अंग भरले. उंची १७९ सेंटिमीटर, वजन १२८ किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या सुमो मल्लांच्या मानाने आटोपशीरच. या काळात त्याला हात देणारा होता योकोझुना तामानिशिकी. दुसऱ्या तालमीचा हा मोठा मल्ल त्याला आपल्याबरोबर सरावाला घेई, घाम गाळायला लावी. जानेवारी १९३६ च्या स्पर्धेत सहाव्या दिवशी फुताबायामा याच तामानिशिकीकडून हरला. सातव्या दिवशी जिंकला, आणि मग जिंकतच गेला.

त्या काळी वर्षाला मुख्य स्पर्धा दोनच असत, जानेवारीत आणि मे महिन्यात, आणि प्रत्येक ११ दिवसांची. मे १९३६ मध्ये त्याने अकराच्या अकरा कुस्त्या मारल्या. त्यांत तामानिशिकीलाही पहिल्यांदा हरवले. जानेवारी १९३७ मध्ये पुन्हा अकरा. आता तिकिटांसाठी इतकी झुंबड उडू लागली की मे १९३७ पासून स्पर्धा १३ दिवसांची करावी लागली. फुताबायामाने तेराही जिंकल्या आणि योकोझुनाचा दोर कमरेला बांधला. १९३८ च्या दोन्ही स्पर्धांतही एकही हार नाही. अठराव्या शतकातल्या तानिकाझेचा ६३ सलग विजयांचा विक्रम दीडशेहून अधिक वर्षे अबाधित होता, तोही मागे पडला.

त्याची रीतच वेगळी होती. समोरचा उठला की हाही उठे. माझी तयारी नाही, थांबा, असे सांगण्याची सुमोत मुभा आहे. फुताबायामा ती वापरत नसे. प्रतिस्पर्ध्याने हवी ती वेळ निवडावी, हवी तशी धडक द्यावी, हा ती अंगावर घेणार. वरवर पाहता तो नंतर उठे, पण भिडंत झाली की पकड त्याची बसलेली असे. कुस्तीआधी ओठांना लावायचे पाणीही तो एकदाच घेई. चेहऱ्यावर राग नाही, हर्ष नाही. कदाचित हे सगळे त्या अधू डोळ्याचेच देणे असेल. ज्याला नीट दिसत नाही तो झडप घालायला जात नाही. तो अंगाला अंग लागण्याची वाट पाहतो आणि मग स्पर्शाने ओळखतो.

या विजयमालिकेला एक काळी किनारही आहे. जुलै १९३७ मध्ये जपान आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. इकडे फुताबायामा जिंकत होता, तिकडे सैन्याच्या विजयाच्या बातम्या छापून येत होत्या. वृत्तपत्रे वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही एकत्र होत गेले. न हरणारा मल्ल आणि न हरणारा देश. एका माणसाच्या कमरेवर हे केवढे ओझे! १९३८ च्या उन्हाळ्यात मल्लांचा ताफा मांचुरिया आणि चीनच्या दौऱ्यावर गेला. तिथे फुताबायामाला आमांशाने गाठले. वजन झपाट्याने उतरले. त्यातच डिसेंबरात तामानिशिकी दौऱ्यावर असताना आंत्रपुच्छाच्या दुखण्याने वारला. त्या परिस्थितीत जानेवारीच्या स्पर्धेतून अंग काढून घेणे फुताबायामाच्या स्वभावात बसणारे नव्हते.

तर असा तो रविवार, स्पर्धेचा चौथा दिवस. आकिनोउमी ज्या देवानोउमी तालमीचा, तिथे कितीतरी दिवस एकच विषय चालला होता, याला पाडायचे कसे? कासागियामा हा वासेदा विद्यापीठाचा पदवीधर मल्ल या मसलतीतला मेंदू. सगळ्यांनी डोकी लढवून निष्कर्ष काढला होता, की हल्ला करायचा तो उजव्या पायावर.

दोघे भिडले. आकिनोउमीने फुताबायामाच्या छातीत डोके खुपसले आणि पट्टा धरला. फुताबायामाने उजव्या हाताने उचलून फेकायचा प्रयत्न केला. तो फसला. पुन्हा केला. त्याच वेळी आकिनोउमीचा डावा पाय बाहेरून त्याच्या उजव्या पायाला विळखा घालून बसला. एक क्षण दोघे तोलावर राहिले, आणि मग तो मोठा देह कलत कलत मातीवर आला. धावते वर्णन करणाऱ्या निवेदकाचाही आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. जे दिसले ते खरेच घडले का, हे त्याला शेजारच्या सहकाऱ्याकडून खात्री करून घ्यावे लागले. मग इमारत दणाणली. बसायच्या उशा, तंबाखूच्या तबकड्या, हाताला लागेल ते लोकांनी हवेत भिरकावले.

त्या गोंधळात एकच माणूस शांत होता. फुताबायामा उठला, रिवाजाप्रमाणे लवून नमस्कार केला आणि नेहमीच्या चालीने बाहेर पडला. त्या रात्री ओइताकरांच्या मंडळाने त्याचा मेळावा आधीच ठरवला होता. तो तिथे वेळेवर गेला आणि हसतमुखाने वावरला. हरलेल्या दिवशी आपल्या गावच्या मित्रमंडळींत जाऊन बसायला जिंकण्यापेक्षा जास्त बळ लागते.

आणि त्याच रात्री त्याने आपले गुरुस्थानी असलेले स्नेही, विचारवंत यासुओका मासाहिरो यांना तार केली. तार इवलीशी होती. आपण अजून लाकडी कोंबडा होऊ शकलो नाही, एवढाच तिचा आशय. ज्यांना संदर्भ ठाऊक नव्हता त्यांना हे कोडेच वाटले असते. च्वांगत्सु या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एक गोष्ट आहे. राजासाठी झुंजीचा कोंबडा तयार करणाऱ्याला राजा दर दहा दिवसांनी विचारतो, झाला का तयार? तो म्हणतो, नाही, अजून त्याला आपल्या बळाची घमेंड आहे. मग, नाही, अजून दुसऱ्याची चाहूल लागली की तो बिथरतो. मग, नाही, अजून तो डोळे वटारतो. अखेर तो सांगतो, आता झाला. दुसरा कोंबडा आरवला तरी याच्यात काही हलत नाही, लांबून पाहिले तर लाकडाचा वाटतो, आणि त्याला पाहूनच बाकीचे पळ काढतात. यासुओकांनीच ही गोष्ट फुताबायामाला सांगितली होती. तीन वर्षे अजिंक्य राहिलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने पराभवाच्या रात्री आजारपणाचे कारण दिले नाही, डोळ्याचे तर नाहीच. आपली साधना अपुरी आहे, एवढेच कळवले.

दुसरीकडे आकिनोउमीला खांद्यावर घ्यायला सारे शहर निघाले होते. त्याच्या तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला समजावले ते असे, की जिंकल्यावर वाहवा होणारा मल्ल होण्यापेक्षा हरल्यावर गहजब होईल असा मल्ल हो. पुढे १९४२ मध्ये आकिनोउमीही योकोझुना झाला. पण फुताबायामाला तो पुन्हा कधीही हरवू शकला नाही. त्या दोघांच्या दहा कुस्त्यांपैकी त्याने जिंकली ती ही पहिली, एवढीच.

फुताबायामा लाकडाचा झाला नव्हता हे पुढच्याच दिवसांनी दाखवले. पाचव्या दिवशी तो पुन्हा हरला, सहाव्या दिवशी पुन्हा. स्पर्धा ९ विजय आणि ४ पराभवांवर संपली. पण मे महिन्यात, आता १५ दिवसांच्या झालेल्या स्पर्धेत, त्याने पंधराच्या पंधरा कुस्त्या जिंकल्या. १९४० मध्ये पुन्हा मन डळमळले. स्पर्धा अर्धवट सोडून तो थंडगार धबधब्याखाली उभा राहून साधना करायला गेला आणि परत आला. एकूण १२ अजिंक्यपदे त्याच्या नावावर जमा झाली. नंतर त्याने आणखी एकदा ३६ सलग विजयांची मालिका रचली. १९४४ च्या नोव्हेंबरात धाकटा मल्ल आझुमाफुजी याने त्याला पाडले, तेव्हा आपली वेळ संपल्याचे त्याला कळून चुकले होते.

मार्च १९४५ च्या बॉम्बवर्षावात टोकियोचा पूर्व भाग भस्मसात झाला. कोकुगिकानही जळाले. ऑगस्टमध्ये जपान शरण आला. नोव्हेंबरात त्याच जळक्या इमारतीत स्पर्धा झाली आणि तिथेच ३३ वर्षांच्या फुताबायामाने निवृत्ती जाहीर केली. ज्या डोळ्याने इतकी वर्षे साथ दिली नव्हती, त्याची गोष्ट आता लोकांना कळली.

आणि इथे या आयुष्याला एक विचित्र वळण लागते. सारा देशच हरलेला, ज्यावर विश्वास ठेवला ते सगळे कोसळलेले. अशा वेळी माणसे नवे दैवत शोधतात. फुताबायामा एका नव्या पंथाच्या नादी लागला. स्वतःला दैवी म्हणवणारी एक स्त्री या पंथाची प्रमुख होती आणि गो या खेळाचा थोर खेळाडू गो सेइगेन हाही तिच्या भक्तांत होता. जानेवारी १९४७ मध्ये कानाझावा शहरात पोलिसांनी या पंथाच्या ठिकाणावर छापा घातला. तेव्हा देशाचा लाडका योकोझुना भक्तिभावाने पोलिसांना आडवा झाला. अनेक जणांनी मिळून त्याला आवरले आणि अटक केली. वर्तमानपत्रांना चविष्ट मजकूर मिळाला. जुन्या ओळखीच्या एका पत्रकार मित्राने समजूत काढून त्याला तिथून सोडवून आणले. इतक्या उंचीवरून इतक्या खाली आलेला माणूस पुष्कळदा तिथेच राहतो. हा राहिला नाही. तो परत आपल्या तालमीत गेला आणि पोरांना शिकवू लागला.

इथून पुढे मात्र त्यांना अहोजाहोच करायला हवे. तोकित्सुकाझे या नावाने ते तालीम चालवू लागले. त्यांचा शिष्य कागामिसातो १९५३ मध्ये योकोझुना झाला. १९५७ मध्ये सुमो संघटनेच्या कारभारावर संसदेत कठोर प्रश्न विचारले गेले, तेव्हा अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडे आली आणि मरेपर्यंत त्यांच्याचकडे राहिली. त्यांच्या काळात मल्लांना मासिक वेतन मिळू लागले. वर्षाला सहा स्पर्धा सुरू झाल्या. पंच आणि वडीलधारे यांना निवृत्तीचे वय आले. १९६५ पासून एका तालमीचे सोडून बाकी सर्वांनी एकमेकांशी लढावे, अशी पद्धत आली. त्यापूर्वी एकाच घराण्याच्या तालमींतले मल्ल समोरासमोर येत नसत. भावाभावांना वाचवणारी ही जुनी सोय मोडणे सोपे नव्हते. पण ज्यांनी स्वतः समोर येईल त्याला कधी थांब म्हटले नाही, त्यांनीच ती मोडावी हे योग्यच झाले.

१६ डिसेंबर १९६८ रोजी यकृताच्या तीव्र विकाराने, वयाच्या अवघ्या ५६ व्या वर्षी, ते गेले. वरच्या वर्गातली त्यांची कारकीर्द २७६ विजय आणि ६८ पराभव अशी नोंदली आहे. उसा येथे त्यांचे जन्मघर जतन करून ठेवले आहे.

६९ चा आकडा आजही कोणाला ओलांडता आलेला नाही. सर्वांत जवळ आला तो मंगोलियात जन्मलेला योकोझुना हाकुहो. नोव्हेंबर २०१० मध्ये ६३ विजयांवर असताना किसेनोसातो याने त्याला रोखले. हाकुहोने ४५ अजिंक्यपदे मिळवली, फुताबायामाच्या जवळजवळ चौपट. तरी फुताबायामाच्या जुन्या, फिकट चित्रफिती तो पुन्हा पुन्हा पाहत असे. त्या फितींत त्याला शोधायचा होता तो फुताबायामाचा कोणता डाव नव्हे. समोरच्याला आधी उठू देऊनही मागे न पडणारा तो माणूस नेमका केव्हा उठतो, हे त्याला पाहायचे होते.